फणसाला दिलेला शब्द

बातमी अशी होती की दादोंग रेपिगने फणसाच्या झाडाला मिठी मारून अन्नपाणी सोडलंय, आणि मुलगा करवत परत पाठवत नाही तोवर ती घास गिळणार नाही. दुपारपर्यंत ही बातमी नदीपलीकडच्या वस्तीत पोचली. तिकडून दोन बायका मुद्दाम बघायला आल्या.

खरं काय ते मी सांगते. करवत यायची होती त्या सोमवारी सकाळी दादोंगने माझ्या टपरीवर बसून काळ्या तांदळाच्या खिरीच्या दोन वाट्या संपवल्या, वर तळलेलं केळं खाल्लं आणि "आज गूळ हात राखून घातलास गं" असं मलाच सुनावून गेली. तिला भूक आवरता आलेली मी जन्मात पाहिली नाही. मिठी म्हणाल तर ती झाडाला नव्हती, झाडाखालच्या चटईला होती. ती मात्र चाळीस वर्षं सुटलेली नाही.

दादोंग म्हणजे आमच्याकडे आजी. ही माझी समोरच्या दाराची शेजारीण. तिच्या फाटकाला लागून फणस, फणसाखाली चटई आणि चटईवर नारळाच्या कोवळ्या पानांचा हा ढीग. ती पानं कापायची, बांबूच्या काडीने टाचायची, तळहाताएवढ्या परड्या करून त्यांत फुलं ठेवायची. ज्या बायकांना सकाळी नोकरीची घाई असते, त्यांचे देव दादोंगच्या परड्यांवर चालतात. हात चालू, डोळे गल्लीवर आणि तोंड कुणाच्या तरी घरात. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाची कोंबडी कुणाच्या अंगणात अंडं घालून आली, सगळं तिथे कळतं. एखाद्या नव्या सुनेने स्वतःच्या हातची परडी हौसेने दाखवली की ही उलटीपालटी करून विचारणार, "देवासाठी केलीस की मुंग्यांना झोपायला?" पोरगी दुसऱ्या दिवशी शिकायला हजर.

मुलगा गेडे सुकर्मा पन्नाशीला टेकलेला, स्वभावाने गरीब. आवारात पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, त्यांवर घर चालतं. तिसरी बांधायची आणि जागा काय ती फणसाची.

"तू मागे बस ना, स्वयंपाकघरापाशी. सावली आहे, शांत आहे," तो म्हणाला.

"शांतता मेल्यावर मिळणारच आहे. मागे बसून बघू काय? डुकरं?"

"स्वयंपाकघर जवळ पडेल."

"हो, म्हणजे पाऊस आला की गळक्या छपराखाली पातेली मांडायला सोपं."

गेडेचा मुद्दा एकच होता, आणि तो खोटाही नव्हता. झाडाने पाच गालुंगानांत एक फणस दिलेला नाही. गालुंगान आमचा मोठा सण, सात महिन्यांनी येतो. त्या दिवशी घरोघर कोवळ्या फणसाचं कालवण लागतं, आणि दारात फणस असून दादोंगला तो बाजारातून मागवावा लागायचा. "वांझ झाड राखून काय करायचं?" गेडे म्हणायचा. दादोंग पानं कापत राहायची. मला मात्र भीती वाटायची. तिच्या गुडघ्यांना आता आवारात फिरणं आणि समोर माझ्या टपरीपर्यंत येणं एवढंच जमतं. गल्ली तिच्याकडे येते म्हणून ती गल्लीत आहे. मागे भिंतीआड बसवलं, तर सहा महिन्यांत लोक विचारतील, अरे, म्हातारी आहे का अजून?

झाड तोडायला दर्पाला सोमवारी बोलावलं होतं.

आता त्याआधीचा शनिवार नेमका झाडांचा दिवस आला. गालुंगानच्या पंचवीस दिवस आधी येतो तो. घरच्या माणसाने प्रत्येक झाडापाशी जायचं, कोयत्याने साल जराशी खरवडायची, तिथे तांदळाची पेज लावायची, बुंध्यावर थापट्या मारायच्या आणि झाडालाच सांगायचं की आजोबा, आजोबा, आजी घरी तापाने थरथरतेय, पंचवीस दिवसांनी गालुंगान, चांगले लगडून या. दरवेळी हे दादोंगच करते. त्या शनिवारी ती अंथरुणात.

"गुडघे धरलेत रे. या खेपेला तू कर," तिने आतूनच सांगितलं.

गेडेने पेजेचं भांडं घेतलं. नारळ झाला, आंबा झाला, केळी झाल्या. लहानपणापासून आईच्या मागे फिरून पायांना वाट पाठ झालेली. पाय फणसापाशी गेले, हाताने कोयता चालवला आणि तोंड सगळं म्हणून मोकळं झालं, तेही खणखणीत. मी टपरीतून ऐकत होते. त्यांच्याकडे उतरलेली डच पाहुणी मारैके माझ्याकडेच बसून वहीत काहीतरी लिहीत होती. ती मला म्हणाली, "किती शांत आयुष्य आहे तुमचं." म्हटलं, बाई, सोमवारपर्यंत थांबा.

सोमवारी दर्पा यंत्राची करवत घेऊन आला. बुंध्याभोवती एक फेरी मारली आणि वाळलेल्या पेजेवर बोट ठेवून उभा राहिला.

"ही कोणी लावली?"

"मी," गेडे म्हणाला. "सगळ्याच झाडांना लावली."

"आणि बोललास?"

गेडे जमिनीकडे बघायला लागला. दादोंग चटईवरून म्हणाली, "लाजतोस काय? सांग की. मी आत पडल्या पडल्या ऐकलंय."

"लगडून या म्हणालो," गेडे पुटपुटला.

दर्पाने करवत पुन्हा स्कूटरला बांधली. "पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि दारात कोयता घेऊन उभं राहायचं? मला नाही जमायचं. माझी पोरं लहान आहेत. सण होऊ दे, मग बोलव."

तो गेल्यावर मी दादोंगला विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

"कुठले गुडघे?" ती म्हणाली.

तरी मला वाटतं, गेडेला कुणी फसवलं नव्हतं. आमच्याकडे सकाळी भात शिजला की आपल्या आधी चिमूटभर चुलीला, विहिरीला, फाटकाला जातो. ज्याला वाढलं, ज्याच्याकडे काही मागितलं, तो घरचा झाला. हे त्याला कळत होतं म्हणूनच तो त्या पंचवीस दिवसांत रोज सकाळी मान वर करून बुंधा न्याहाळायचा. फळ धरावं असं त्याला वाटत होतं की धरू नये असं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

फळ धरलं नाही. गालुंगान आला, गल्लीभर सणाच्या बांबूच्या कमानी उभ्या राहिल्या, आणि दादोंगने बाजारचा फणस चिरला. चिरून झाल्यावर हात पुसत ती झाडापाशी गेली आणि तळवा बुंध्यावर ठेवून नुसती उभी राहिली. तिचा हात रिकामा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

दहा दिवसांनी सणाचा शेवटचा दिवसही सरला. रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी दादोंग ओल्या केसांनीच चटईवर येऊन बसली, आणि थोड्या वेळाने दर्पाची स्कूटर आली.

"शब्द पाळला मी," गेडे म्हणाला. "सण होईपर्यंत थांबलो. पाच गालुंगान झाले होते, हा सहावा. दरवेळी मागायचं, आणि हा देणार काही नाही. आता तूच सांग, आई, काय करायचं याचं?"

दादोंगने जे उत्तर दिलं, त्यावर दर्पा स्कूटरवर डोकं टेकून इतका हसला की करवत सोडायची राहूनच गेली. दुपारी गेडे गवताच्या पेंढ्या घेऊन शिडीवर चढलेला आख्ख्या गल्लीने पाहिला. दादोंगने पानं कापता कापता, मान वर न करता, एवढंच म्हटलं होतं:

"छप्पर शाकारून दे म्हणून मी तुला सात गालुंगान सांगतेय. तुला तोडला का मी?"