मामांच्या तोंडची चव

माझ्या मामांना जेवणापेक्षा जेवणाला नावं ठेवण्यात जास्त गोडी. नोकरीत असताना लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासायचे. निवृत्त झाले, मीटर हातचे गेले, तेव्हा ताटांवर घसरले. घरी मामीनं काहीही रांधलं तरी, "हॉटेलात बघ, कशी चव असते!" आणि दर रविवारी कोपऱ्यावरच्या, घरगुती जेवण मिळतं त्या हॉटेलात गेले, की पहिल्याच घासाला, "छे, घरची सर नाही!" म्हणजे मामी घरी नापास आणि हॉटेलवाल्या बाई हॉटेलात नापास.

या दोन नापासांची शेवटी गट्टी जमली. हॉटेलचा आचारी काम सोडून गेला, तसं बाईंनी मामीलाच विचारलं, "स्वयंपाकघर सांभाळाल का?" मामी हरखून गेली. पण स्वभाव भित्रा. म्हणाली, "रविवारची भाजी मी करते. ह्यांनी नावं ठेवली नाहीत, तर येते कामाला."

"मग आत्ताच नाही म्हणून मोकळी हो की!" मी म्हणाले. मला तिचाही राग आला. सगळं सोडून या माणसाच्या जिभेवर भरवसा!

रविवारी सकाळी माझ्याकडे जाते असं मामांना सांगून ती हॉटेलात गेली आणि वांग्याची भाजी करून आली. दुपारी आम्ही तिघं तिथंच जेवायला बसलो. मामांनी पेला उजेडात धरून पाहिला, चमचा रुमालानं पुसला, टेबल हलवून पाहिलं. भाजी आली. मामी मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मामांनी एक घास घेतला, मग दुसरा, मग वाटी चाटूनपुसून लख्ख केली. मला वाटलं, जमलं.

"छे!" मामा म्हणाले. "घरची सर नाही. आमची ही करते ना वांगी, ती खाऊन बघा म्हणावं!"

मामीचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं मान वर केली.

"अहो, ही मीच केलीय. सकाळी, इथल्या स्वयंपाकघरात."

मामांनी रिकाम्या वाटीकडे एकदा पाहिलं. निर्लज्ज माणसाला तेवढा वेळ पुरतो.

"तरीच!" ते म्हणाले, आणि रिकामी वाटी तिच्यापुढे सरकवली. "वाढ आणखी थोडी."

मामीनं वाटीला हात लावला नाही. गल्ल्यावरून बाई बघतच होत्या. त्यांना ती म्हणाली, "उद्या किती वाजता येऊ?"

"काय? आणि माझं जेवण?" मामा ओरडले.

"इथं या की," मामी म्हणाली. "तुम्हाला हॉटेलचीच चव लागते ना?"