विमानतळावरची शांतता

धाकटा पोटात होता तेव्हा नवरा मस्कतला गेला. इथे भिवंडीजवळ पूर्ण्याच्या गोडाऊनमध्ये कामाला होता, तिथेही गोडाऊनमध्येच लागला. बाळ झालं, रांगलं, चालायला लागलं आणि बापाने ते सगळं फोनच्या काचेतून पाहिलं. फोन समोर धरला की धाकटा माझ्या खांद्यात तोंड लपवायचा. नवरा हसून "असू दे" म्हणायचा, पण फोन ठेवायच्या आधी दर वेळी विचारायचाच, "माझ्याकडे येईल ना गं तो?"

"न यायला काय झालं?" असं मी ठसक्यात म्हणायचे आणि मग स्वतःच काळजी करत बसायचे.

शेवटी आमचा व्हिसा आला. सहा वर्षांची मोठी मुलगी, कडेवर धाकटा आणि जन्मात कधी विमानतळ न पाहिलेली मी, असे आम्ही तिघं निघणार म्हटल्यावर सल्ले देणाऱ्यांना ऊत आला. सासूबाईंनी वज्रेश्वरीचा अंगारा पुडीत बांधून दिला. शेजारच्या यंत्रमाग कारखानेवाल्या चाची लूमच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "बच्चों को भूखा मत रखना, बाकी सब अल्लाह देखेगा!" आणि पुण्याच्या जाऊबाईंनी फोनवर पढवून ठेवलं, "चेकिंग झालं की लांबचा शांत कोपरा गाठायचा. बाळ गाढ झोपतं, मग विमानात त्रास नाही." त्या दोनदा सिंगापूरला जाऊन आल्यात, त्यामुळे मी हे अगदी मनावर घेतलं.

वाटेत कशेळीच्या पुलावर नेहमीसारखे ट्रॅफिकमध्ये अडकलो, पण दिराने वेळेत सोडलं. आत शिरताना मी मोठीचा हात घट्ट धरला. प्रत्यक्षात सगळं लोण्यातून सुरी फिरावी तसं झालं. कडेवरचं पोर पाहून एका बाईंनी आम्हाला पुढच्या रांगेत घातलं. चेकिंगला मोठीने आपली पाठपिशवी स्वतःच ट्रेमध्ये ठेवली. अंगाऱ्याची पुडी पाहून तिथल्या पोलीसबाईंनी ती कपाळाला लावून परत दिली. ट्रे एकमेकांवर आदळत होते, मशीन घरघरत होतं, माणसं ओरडत होती, आणि त्या गदारोळात आमचे धाकटे महाराज माझ्या खांद्यावर डुलक्या घेत होते. 'जमलं की मला!' असं म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटली.

मग मला जाऊबाई आठवल्या.

लांबचा, गालिचा घातलेला, चिटपाखरू नसलेला कोपरा शोधून काढला. तिथे बसून दोन मिनिटं झाली नसतील, धाकट्याने डोळे उघडले आणि जो टाहो फोडला! बाटली दिली, ती भिरकावली. बिस्कीट दिलं, ते थुंकून टाकलं. अंगारा लावला. शेवटी फोनमधला बापाचा फोटो दाखवला, तर तो बघून दुप्पट रडला. पलीकडे एक गृहस्थ येऊन बसले होते, ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच पोराला चिमटे काढतेय.

मला त्या गृहस्थांची पर्वा नव्हती. पण फोटोला हे पोर असं रडतंय, तर खुद्द माणसासमोर काय करेल? मस्कतच्या दारात तो हात पसरून उभा राहील आणि हे किंचाळून माझ्या गळ्यात पडेल, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्या माणसाने या एका दिवसाची किती वाट पाहिली होती! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

मोठी शांतपणे वेफर्स खात होती. ती म्हणाली, "आई, त्याला वाटतंय लाईट गेली."

मी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या घराची मागची भिंत म्हणजे चाचींच्या कारखान्याची भिंत. लूमची खटक-खट, खटक-खट चालू असते तोवर आमच्या गल्लीतली बाळं ढिम्म हलत नाहीत. लाईट गेली की लूम थांबतात, आणि त्या शांततेने सगळी बाळं एकदम जागी होऊन भोकाड पसरतात. गल्लीत अंगाई कुणी गात नाही, ऐकू कुणाला येणार? पाठीवर लूमच्या ठेक्यात थोपटायचं. आणि पोर कधीही, कशानेही रडलं तरी जो तो विचारतो, "काय रे, लाईट गेली का?"

आणि भिवंडीचं हे पोर मी शांत कोपऱ्यात झोपवत होते! धन्य त्या जाऊबाई आणि धन्य मी.

उठले. जिथे माणसांना वाहून नेणारा सरकता पट्टा संपतो आणि चाकांच्या बॅगा धडाधड आपटतात, जिथे कुणी शहाणा माणूस बसत नाही, तिथल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि थोपटायला लागले. धाकटा झोपला. विमानात तर इंजिनाच्या घरघरीत तो मस्कत येईपर्यंत हलला नाही. "किती गुणी बाळ आहे," असं हवाईसुंदरी म्हणाली, ते कौतुक मी बिनदिक्कत ठेवून घेतलं.

पण विमान उतरलं आणि इंजिन बंद झालं. लाईट गेली.

पासपोर्टच्या रांगेत रडणं, सामानापाशी रडणं, आणि तसंच रडतं पोर घेऊन मी बाहेर आले. नवरा कठड्यापाशी उभा होता. वाळला होता, शर्ट नवा होता. मोठी धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली. त्याने तिला जवळ घेतलं आणि धाकट्याकडे पाहिलं, पण हात काही पुढे करेना. घाबरला होता तो. मला त्याला सगळं सांगायचं होतं, पण ते नंतर. मी नुसतं पोर त्याच्या हातात दिलं.

धाकटा फळीसारखा ताठ झाला आणि श्वास रोखून लालबुंद झाला. नवऱ्याने त्याला खांद्यावर टाकलं. त्याचा हात आपसूक पाठीवर पडायला लागला, खटक-खट, खटक-खट. आणि आमच्या गल्लीतला कुणीही म्हणेल तसं तो म्हणाला, "काय रे, लाईट गेली का?"

रडणं मधेच तुटलं. एक उचकी आली. धाकट्याने मान मागे घेऊन त्या अनोळखी तोंडाकडे नीट पाहिलं, आणि मग मान पुन्हा त्याच खांद्यावर टाकली.

हा बाबाही कधीकाळी त्याच कारखान्याच्या भिंतीला पाय लावून झोपलेलं बाळ होता, हे मी विसरलेच होते. मी तिथेच बॅगेवर बसले आणि मनसोक्त रडून घेतलं. मग डोळे पुसून म्हटलं, "चला आता, गाडी कुठे आहे?"

"थांब जरा," तो हळूच म्हणाला. त्याचा हात चालूच होता. "आत्ता थांबलो तर उठेल."