कोणतीही एक कृती सोडवा

दहावीच्या मराठीच्या पेपरात शेवटी लेखनाचा प्रश्न असतो. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक असे तीन विषय, वर सूचना, कोणतीही एक कृती सोडवा, आणि पुढं आठ गुण. हा प्रश्न मी इतकी वर्षं तपासते आहे की 'मी जुनी सायकल बोलतेय' एवढं वाचलं तरी पुढची दोन पानं मला न वाचता ठाऊक असतात. सायकल आधी दुकानात चमकते, मग एका गुणी मुलाच्या घरी जाते, मग अडगळीत पडते आणि शेवटी आम्हाला विसरू नका म्हणून विनवते.

आमच्या भागातल्या काही शाळा मिळून दहावीची सराव परीक्षा घेतात. पेपर एकच असतो आणि गठ्ठे एका शाळेतून दुसऱ्या शाळेत तपासायला जातात. त्या वर्षी पहिल्या सराव परीक्षेत सायकलीचं मनोगत होतं, निरोप समारंभाचा प्रसंग होता आणि वैचारिकला 'पाण्याची बचत' होती.

तपासलेले पेपर वाटून झाले त्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन थांबली. घरी तेलुगू बोलणारी, वडील यंत्रमागावर, आई शिवणकाम करणारी. मराठी तिला शाळेनंच दिलेली. लिंग-वचनात ती हटकून चुकायची, पण वर्गात सगळ्यांत जास्त वाचायची तीच.

"बाई, मी चुकीचं प्रश्न घेतले काय?"

मी तिचा पेपर हातात घेतला. तिनं वैचारिक लिहिलं होतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी माझा पहिला तास बुडतो, असं पहिलंच वाक्य होतं. ज्यांच्याकडे चार दिवसांनी पाणी येतं त्यांना बचत शिकवू नये, त्यांना ती येतेच. हा विषय ज्यांच्या गच्चीवरच्या टाक्या भरून वाहतात त्यांना लिहायला द्यावा, असं तिचं म्हणणं होतं. समासात लाल शाईत 'उपाय कोठे?' असं लिहिलेलं, आणि आठपैकी तीन.

"माझ्या बाकावरच्या मुलीला सायकलला सात आलेत," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "आम्ही दोघी एकत्रच अभ्यास करतो. तिनं पाठ केलेलं लिहिलं. मी विचार करत बसले."

"प्रश्न चुकीचा नसतो गं. आपल्याला जो जमतो तो घ्यायचा."

ती बरं म्हणून गेली. माझं बोलणं मलाच पोकळ वाटलं.

त्या महिन्यात आमच्या मागं सर्वेक्षणाचं काम होतं, ऑनलाइन माहिती भरणं होतं, तोंडी परीक्षा होत्या. अंगात कुणाशी वाद घालायचं बळ नव्हतं. तरी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी रिक्षा करून तिचा पेपर तपासणाऱ्या सरांच्या शाळेत गेले. सर मूळचे माळशिरसकडचे, आता जुळे सोलापूरला राहतात. तपासायला कडक, पण मनानं सरळ. वर्गात पुस्तकी बोलतात आणि चहा पुढ्यात आला की गावाकडचं.

"बाई, तुमी लई मनाला लावून घेता," ते म्हणाले. "पेपर काढणाऱ्यानं मुद्दे दिलते. महत्त्व, नासाडी, उपाय, समारोप. तिनं उपाय लिहिलाच न्हाय. मी मार्क कुठनं देऊ?"

"आणि सायकलीला?"

"सायकलीला सगळे मुद्दे होते की."

मी पिशवीतून माझ्या वर्गातल्या काही उत्तरांच्या झेरॉक्स काढल्या. त्यांत तिचंही होतं, आणि गुण झाकलेले होते. म्हटलं, तुम्ही तपासा, मीही तपासते, आणि कुणी कुणाचं बघायचं नाही. सरांनी हसून पेन उघडलं. अर्ध्या तासानं आम्ही कागद शेजारी ठेवले. सायकलींवर आमचं एकमत होतं, फार तर एका गुणाचा फरक. प्रसंगलेखनातही फारसं बिघडलेलं नव्हतं. वैचारिकमध्ये मात्र प्रत्येक उत्तरात तीन-तीन, चार-चार गुणांचं अंतर. कुठं ते उदार, कुठं मी.

सरांनी वैचारिकचे कागद पुन्हा एकदा उलटून पाहिले.

"म्हंजे पोरगीचा पेपर माझ्याकडं आला म्हणून तीन. तुमच्याकडं आला असता तर सहा."

"हो."

"हा तर मटका झाला की, बाई. आपण पोरांना सांगतो, निवडा म्हणून."

त्यानंतरचे दोन शनिवार आम्ही नवीन गुणदान योजना करण्यात घालवले. तिन्ही प्रकारांना निकष एकच ठेवायचे, हे लगेच ठरलं. विषय धरून लिहिलंय का, मांडणीला क्रम आहे का, लिहिणाऱ्याचं स्वतःचं काही आहे का, भाषा कशी आहे. प्रत्येकी दोन गुण. ठरलेले मुद्दे काढून टाकायचे. एकाच तऱ्हेची चूक दहादा झाली तरी गुण एकदाच कापायचे.

भांडण झालं ते 'स्वतःचं काही' यावर. मी म्हटलं, मत कुठल्याही बाजूचं असो, त्यामागं कारण हवं. सर म्हणाले, मग सायकलीला काय मत असतंय? शेवटी ठरलं की मनोगतात गाइडमध्ये सापडणार नाही असा एक तरी तपशील हवा. दळणाच्या डब्यानं वाकलेलं कॅरिअर, घसरणारी चेन, काहीही. तेव्हा सरांनी पेन खाली ठेवलं.

"एक सांगतो. ह्यानं पाठ करणाऱ्या पोरांचं मार्क कमी हुणार. ती पाठ करत्यात म्हणून निदान पास तरी हुत्यात. त्यांच्या घरी निबंध समजावून सांगायला कोण बसलंय?"

माझ्याही वर्गात तशी मुलं होती, आणि त्यांना ते पाठ मीच करून घेतलं होतं. हिशेब करून पाहिला तर पाठ केलेल्या नीटनेटक्या सायकलीला सहा मिळत होते. त्याच्या खाली जायचं नाही, असं सरांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. त्या मुलीच्या उत्तरालाही नव्या निकषांनी सहाच बसत होते. सरांनी तिच्या पेपरवर गुण बदलून सही केली. मी तो तिला दिला तेव्हा तिनं मान हलवली आणि पेपर दप्तरात ठेवला.

सगळ्या शाळांच्या बैठकीत आमचा कागद मंजूर झाला. कुणाला फार पटला असं नाही. दुपारची वेळ, लाइट गेलेली, आणि जो तो घरी जायच्या बेतात. विरोध करायलाही कुणाकडे त्राण उरलं नव्हतं. एका बाईंनी एवढंच विचारलं की असं चार ठिकाणी बघत बसलो तर गठ्ठा संपायचा कधी. जरा वेळ लागेल, मी म्हटलं. वेळ खरोखरच लागला, आणि दुसऱ्या सराव परीक्षेनंतर त्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

त्या परीक्षेचे पेपर परत आले तेव्हा मी आधी त्या मुलीचा शोधला. तिनं फळ्याचं मनोगत लिहिलं होतं. अक्षर सुरेख, मुद्दे ओळीनं, आणि तिचं स्वतःचं एक अक्षरही नाही. आठपैकी सहा. मी तिला बोलावून घेतलं.

"वैचारिक का नाही घेतलंस?"

"ह्यात सहा नक्की असतात बाई."

"अगं पण आता निकष बदललेत. मी वर्गात सांगितलं की."

"बोर्डात पण बदललेत काय?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मग नको बाई."

बोर्डालाही तिनं मनोगतच लिहिलं. निकालानंतर पेढे घेऊन आली तेव्हा तिनं स्वतःहून सांगितलं. गुण चांगले पडले होते, मी शाबासकी दिली. आता ती इथंच डिप्लोमाला आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा वाचतेस का काही, म्हणून विचारलं, तर म्हणाली, वेळ होत नाही. आपण केलं ते बरोबर होतं याची खात्री होती, पण ज्या मुलीमुळं केलं तिच्या ते कामी आलं नव्हतं, आणि यात कुणाला बोल लावावा तेही समजत नव्हतं.

योजना अजून चालू आहे. दर वर्षी पेपर काढणारे कुणीतरी जुने मुद्दे त्यात हळूच घुसवतात, आणि सर किंवा मी ते काढतो. यंदा पडताळणीसाठी सरांनी तपासलेल्यांतली काही उत्तरं गुण झाकून माझ्याकडे आली. त्यात एका मुलाचं वैचारिक होतं, मोबाइलच्या वापरावर. अगदीच सामान्य. अर्ध्यावर विषय सुटलेला, शेवट कुठून तरी उचललेला. मी चार गुण दिले आणि मग सरांचे गुण उघडून पाहिले. त्यांनीही चारच दिले होते. मी त्यांना फोन करून तेवढंच सांगितलं.

"व्हय, चारच हुत्यात त्याला," सर म्हणाले, आणि पुढचा गठ्ठा कधी पाठवू म्हणून विचारलं.