न बोलणाऱ्या दासीवरचा निबंध

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कमानी लागल्या, पाट्या बदलल्या, पाऊस मात्र आला नाही. मी रेणापूरहून एसटीनं लातूरच्या कॉलेजात बी.ए.ला जायची. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे डोक्यात जरा हवाही होती.

मराठीच्या सरांनी एका जुन्या पाच अंकी नाटकावर निबंध लिहायला सांगितला. "गोष्ट सांगत बसू नका, ती मला येते," ते म्हणाले. "तुमचं एक म्हणणं मांडा. त्याला नाटकातलाच पुरावा द्या. उलट बाजूही लिहा आणि तिला उत्तर द्या." सगळ्यात चांगला निबंध कॉलेजच्या वार्षिक अंकात छापणार होते. तो माझाच असावा, असं मला फार वाटायचं. पण म्हणणं आणायचं कुठून? सगळा वर्ग गाइडमधून उतरवत होता आणि गाइडात सगळ्यांसाठी एकच म्हणणं होतं : नायिका स्वाभिमानी आहे.

रविवारी वस्तीतल्या हापशावर नंबर होता. नंबर घागरी धरायच्या, बाया लिंबाखाली बसायच्या. रांग सरकली की एकीनं उठून सगळ्यांच्या घागरी पायानं पुढं ढकलायच्या. मी नाटक घेऊनच गेले होते.

"काय वाचायलीस? मोठ्यानं वाच की, आमाला बी कळू दे," माय म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं.

मी दुसरा अंक वाचला. नवरा सवत आणणार हे कळताच नायिका दारातली भरलेली घागर अंगणात उपडी करते. बाया खूश झाल्या. "बरं केलं बाईनं!" एकजण म्हणाली. मायनं उठून घागरी पुढं ढकलल्या.

"ते पानी कुनी आनलं व्हतं?" तिनं विचारलं.

"दासीनं."

"मंग ती काय म्हनली?"

"काही नाही. तिला बोलणंच नाही नाटकात."

"न्हाई कसं? तिला पुन्ना खेप पडली की."

"माय, नाटकात असलं विचारायचं नसतं," मी वैतागून म्हणाले.

सोमवारी एसटीत बसले आणि दासीच्या जागा शोधायला लागले. पाच अंकांत ती चारदा येते, घागर ठेवते, जाते. एकही वाक्य नाही. मी लिहिलं, नायिकेचा राग खरा, पण त्या रागाचे कष्ट दुसऱ्याच बाईला पडतात. उलट बाजू अशी की त्या काळी दासीला कोण बोलू देणार, लेखकाला कशाला दोष द्यायचा? पण मग पुढच्याच प्रवेशात भरलेली घागर घेऊन त्यानं तिला पुन्हा का आणलं? त्याला ती दिसत होती.

सरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला. मग विचारलं, "हे मत कुणाचं? संदर्भ दिला नाहीस."

"माझंच आहे, सर."

टाळ्या पडल्या. मी मान वर करून उभी राहिले.

वार्षिक अंक छापून आला तेव्हा माय भाकरी थापत होती. हात पुसून तिनं तो घेतला. "यात तुजं नाव कुटं हाय?" मी दाखवलं. त्यावरून तिनं बोट फिरवलं. "काय लिवलं, वाच की."

"नंतर वाचते, अभ्यास आहे," मी म्हणाले. तिनं पुढं दोन-तीनदा विचारलं, मी दरवेळी काहीतरी निमित्त काढलं. मग तिनं विचारणं सोडलं.

पुढं मी नांदेडात आयुष्यभर मराठी शिकवलं. ज्याचं मत घ्याल त्याचं नाव लिहा, म्हणून पोरांचे गुण कापले. माय जाऊन आता खूप वर्षं झाली. फार वाटतं की तिच्याजवळ बसावं आणि तो निबंध पहिल्या ओळीपासून वाचावा. "हे तर मीच म्हनलं व्हतं की!" एवढं तिच्या तोंडून ऐकायला जीव तरसतो. तेच ऐकायच्या भीतीनं तेव्हा मी वाचलं नव्हतं.