पट्टा सुटला तो कोणाच्या हातून

चालत्या बसमध्ये दांडी न धरता तिकिटं फाडण्यात माझी हयात गेली. वणी-मुकुटबनच्या रस्त्यावर ड्रायव्हरनं कितीही करकचून ब्रेक दाबला, तरी हा कंडक्टर कधी कोणाच्या अंगावर गेला नाही, याचा मला भारी तोरा होता. असा मी, घरच्या मोरीजवळ सपाट फरशीवर आडवा झालो. तेही पुन्हा पुन्हा.

मुलानं वणीला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं. त्यांनी व्यायाम शिकवले. ओट्याला हात टेकवून टाचा उचलायच्या, हात न लावता खुर्चीवरून उठायचं, एका पावलाला लागून दुसरं ठेवत चालायचं. कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि घरातल्या कोणीतरी तो मागून धरायचा. आता पडलात तर खुब्याचं हाड जाईल आणि मग सगळं अंथरुणातच, असं त्यांनी बजावलं. सगळं म्हणजे काय, ते मला नीट कळलं.

पण घरी आहे कोण? बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा राजूरच्या कोळसा खाणीत, त्याच्या पाळ्या सतत बदलत्या. उरली सून. ती माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. ताट ठेवते आणि बाजूला होते. तिनं माझ्या कमरेचा पट्टा धरायचा? ‘माझं मी पाहतो,’ असं तिला सांगून टाकलं आणि खोलीची कडी लावून एकटाच व्यायाम करू लागलो. मुलानं विचारलं की म्हणायचो, धरते ना ती.

एका सकाळी पावलाला पाऊल लावताना तोल गेला आणि पलंग नि भिंतीच्या मधे जाऊन पडलो.

“काय पडलं, मामाजी?” बाहेरून सून.

“काही नाही. पेटी पडली.”

उठता येईना. लुंगी ओली झाली.

“काहून बोलून नाही राह्यले? कडी काढा ना, मामाजी!”

शेवटी तिनं खांद्यानं धडका देऊन कडीच उखडली. काखेत हात घालून मला उठवलं, मान वळवून लुंगी बदलली, फरशी पुसली, कडी होती तशी ठोकून बसवली. कोणाला यातलं अक्षर सांगितलं नाही. मी पडलो, एवढंच सांगितलं.

हाड शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी तिघंही बाईंकडे गेलो. बाईंनी तिलाच धारेवर धरलं. पट्टा कसा धरला होता, लक्ष कुठं होतं? मुलगाही तिच्यावर खेकसला, “एवढं बी नाही जमत का तुले?”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे पाहू लागलो.

“सुटला हातातून,” ती म्हणाली.

मला फक्त तोंड उघडायचं होतं. पण तोंड उघडलं की कडीची गोष्ट आली, कडीमागून लुंगीची आली. मी भ्याड निघालो, याला दुसरा शब्द नाही. अजूनही बोललेलो नाही.

आता ती पदर खोचून रोज पट्टा धरते. पाय सुधारले आहेत. मोरीपर्यंत माझा मी जातो. मुलगा पाळीवर निघताना दारातून बजावतो, “नीट धरजो, मांगच्यावानी करू नको.” ती हो म्हणते. मी भिंतीकडे तोंड करून टाचा उचलतो, आणि जरा डगमगलो की मागून तिचा आवाज येतो, “माझं चुकलं, मामाजी.”