नको म्हणायच्या आधी

“काहून उशीर केला वं? वरण थंडं होऊन राहिलं!”

धंतोलीतल्या एका दवाखान्याबाहेर एका संस्थेचं मोफत जेवण वाढणाऱ्या काकू अनोळखी बायांवरही असं घरच्यासारखं रागावतात आणि भरलेलं ताट हातात देतात. “पाहिजे का?” असं त्या कधीच विचारत नाहीत. त्यांच्यासोबत वाढताना मी मात्र विचारते, आणि पेशंटचे नातेवाईक ओशाळून नको म्हणतात.

आज काकू पाणी आणायला गेल्या होत्या. कालपासून पायरीवर बसून असलेल्या बाईला मी विचारलं.

“झालं माहं जेवण,” ती म्हणाली. उठताना मात्र तिने भिंत धरली.

ती निघाली. काकू अजून येत नव्हत्या.

“ताई, माझंही जेवण व्हायचंय,” शेवटी मी म्हणाले. “एकटीला घास जात नाही. बसा नं.”