पंपाच्या खोलीतला रेडिओ

गवंड्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण कामावर असताना त्याचं तोंड क्षणभर मिटत नसे. वीट लावताना मेहुण्याची खिल्ली, ओळंबा सोडताना स्वतःचीच स्तुती. लोकांना वाटे, गडी भारी मजेदार आहे. गडी खरं तर भारी भित्रा होता. पडलेल्या भिंतीखालून थोरल्या भावाला काढताना त्यानं पाहिलं होतं. तेव्हापासून जुन्या भिंतीपाशी भीती दाबायला तो बडबडत राही. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आणि काम आलं ते नेमकं असलं! शेताच्या टोकाला पंपाची जुनी खोली होती. मालकीणबाईंना ती पाडायची नव्हती, वडिलांच्या हातची म्हणून पुन्हा धडधाकट करून हवी होती. इंजिन कधीच भंगारात गेलं होतं. उरला होता पंपाचा खोल, अरुंद खड्डा आणि त्याच्यावर पोट सुटलेली मागची भिंत. पाया खड्ड्यातून भरायला हवा होता, आणि त्यात मावेल इतकी बारीक एकटी त्याच्या हाताखाली राबणारी बायकोच होती.

त्यानं भिंतीला टेकू दिले. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली. "भिंत हलली तर आधी ही तडकेल. तू निर्धास्त जा," असं म्हणून त्यानं टेकू पुन्हा एकदा ठोकून पाहिले. बायको पदर खोचून लोखंडी शिडीनं खाली उतरली.

तो दोरीनं सिमेंटच्या मालाचं घमेलं खाली सोडत होता आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. "तुझ्या भावानं गाडी घेतली म्हणे! बसतो कमी, ढकलतो जास्त..."

टक्. काच तडकली.

'वर ये' म्हणून ओरडायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली. पाय जागचे हलेनात. दोरी धरून तो नुसता उभा राहिला.

खाली थापीचा आवाज थांबला. शिडी खणखणली. बायको एका पायातली चप्पल खालीच टाकून वर आली, त्याचं मनगट धरलं आणि त्याला फरफटत बांधावर नेलं. मागे टेकू सटकले आणि अख्खी भिंत खड्ड्यात बसली.

तो मटकन खाली बसून रडायला लागला. "मला हाक मारता आली नाही गं. मेली असतीस."

"हाकेची वाट कोण बघतंय? तुम्ही गप्प झालात, मी निघाले. लग्न झाल्यापासून अशीच निघते."

"म्हणजे मी घाबरतो, हे तुला माहीत होतं?"

"मग? मला काय भीती वाटत नाही होय? पण दोघंही बडबडत बसलो तर ऐकणार कोण?" ती म्हणाली.

मालकीणबाई म्हणाल्या, जाऊ दे, उरलेलंही पाडू. पण विटा शाबूत होत्या, आणि गवंड्याला हे काम असं टाकून जाववेना. त्यानं मलबा उपसला, खड्ड्याचं तोंड रुंद केलं आणि या वेळी शिडीवर स्वतः पाय ठेवला. अर्ध्यात तो शिडी घट्ट धरून थांबला.

"अगं, बोल ना काहीतरी."

तिला कुठली सवय! उरलेल्या भिंतींवरची नजर न हलवता तिनं अडखळत सासूच्या गाऱ्हाण्यांपासून सुरुवात केली.

"थांबू नकोस," खालून आवाज आला.